प्रश्न तुमचे : गुप्त आकडा ऑपरेटिंग सिस्टिमकडूनच मागावा

गेल्या काही आठवड्यांत कोल्हापूर जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयावरची होती. ज्याचा अंदाज कोणालाही बांधता येऊ नये असा आकडा सॉफ्टवेअरने आणायचा कुठून, असे त्या सर्वांचे विचारणे आहे. ओटीपी, पासवर्ड, लॉगिनचे टोकन, संदेश कुलूपबंद करणारी किल्ली या सर्वांची सुरक्षितता याच एका गोष्टीवर उभी असल्याने या वेळचे सदर त्या विषयाला दिले आहे. पत्रे थोडक्यात छापली आहेत.

प्रश्न : आम्ही पतसंस्थांसाठी वेब पोर्टल आणि मोबाइल ॲप तयार करतो. सभासदाला लॉगिनसाठी सहा आकडी ओटीपी जातो. तो आम्ही पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेच्या ‘रँडम’ मॉड्यूलने काढतो. एका संस्थेच्या आयटी ऑडिटमध्ये यावर ‘असुरक्षित’ असा शेरा आला आहे. आकडे तर दर वेळी वेगळेच येतात, मग अडचण कोणती?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : शेरा योग्य आहे आणि तो मनावर घ्यावा. आकडे दर वेळी वेगळे येणे ही एक गोष्ट झाली आणि पुढचा आकडा कोणालाही ओळखता न येणे ही दुसरी. ‘रँडम’ मॉड्यूल पहिली गोष्ट चोख करते, दुसरीची हमी मात्र ते देत नाही. सुरक्षेच्या कामासाठी ते वापरू नये अशी स्पष्ट सूचना पायथॉनच्या अधिकृत माहितीतच दिलेली आहे.

या मॉड्यूलच्या पोटात ‘मर्सेन ट्विस्टर’ ही पद्धत आहे. माकोतो मात्सुमोतो आणि ताकुजी निशिमुरा या जपानी संशोधकांनी ती १९९७ मध्ये तयार केली. खेळ, नमुना निवड, सिम्युलेशन अशा कामांसाठी ती फार चांगली आहे. तिच्यात ३२ बिटांचे (० किंवा १ अशा ३२ अंकांचे) ६२४ शब्द, म्हणजे संख्या, साठवलेले असतात आणि बाहेर येणारा प्रत्येक आकडा त्यांच्यावरून ठरलेल्या गणिताने निघतो. ३२ बिटांचे सलग ६२४ आकडे कोणाच्या हाती लागले, तर तेच गणित उलटे फिरवून आतली सगळी स्थिती त्याला जशीच्या तशी उभी करता येते, आणि मग पुढचा प्रत्येक आकडा तो आधीच सांगू शकतो.

हे तुमच्या पोर्टलवर कसे घडेल ते पाहा. चोर बाहेरचाच असला पाहिजे असे नाही. तो रीतसर खाते उघडलेला सभासदही असू शकेल. रात्री पोर्टलवर वर्दळ नसताना तो स्वतःच्याच मोबाइलवर ओटीपी मागवत राहतो आणि आलेले आकडे जमा करतो. एका ओटीपीतून सुमारे २० बिटच उघड होतात, त्यामुळे त्याला हजाराहून अधिक ओटीपी जमवावे लागतात आणि हिशोबही किचकट होतो, पण समीकरणे रेषीय असल्यामुळे ते काम आवाक्याबाहेरचे राहत नाही. पासवर्ड बदलण्याच्या लिंकमधले टोकनही तुम्ही याच मॉड्यूलने काढत असाल, तर त्याचे काम आणखी सोपे होते, कारण अशा टोकनमध्ये पूर्ण ३२ बिटांचे तुकडे उघडे पडलेले असतात. स्थिती हाती आली की तो लॉगिनच्या पानावर संस्थेच्या अध्यक्षांचा मोबाइल क्रमांक टाकतो. ओटीपी अध्यक्षांच्याच फोनवर जातो. परंतु तो कोणता असणार हे चोराला तो पाठवला जाण्यापूर्वीच ठाऊक असते.

दुरुस्ती एका ओळीची आहे. पायथॉनच्या ३.६ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१६ पासून, ‘सीक्रेट्स’ हे मॉड्यूल सोबतच मिळते. त्यातील ‘रँडबिलो’ या फंक्शनला दहा लाख हा आकडा दिला की शून्य ते ९,९९,९९९ यांतला एक आकडा परत येतो, आणि तो थेट ऑपरेटिंग सिस्टिमकडून आलेल्या बाइटांवरून काढलेला असतो. आलेला आकडा डावीकडे शून्ये भरून सहा अंकी करावा आणि संख्या म्हणून न साठवता मजकूर म्हणून साठवावा. नाही तर ००४२१७ हा ओटीपी डेटाबेसमध्ये ४२१७ होऊन बसतो आणि सभासदाने बरोबर आकडा टाकूनही त्याला आत घेतले जात नाही. पीएचपीमध्ये ७.० पासून ‘रँडम इंट’ आणि ‘रँडम बाइट्स’ आहेत, जावामध्ये ‘सिक्युअररँडम’ आहे, ब्राउझरमध्ये ‘क्रिप्टो’मधले ‘गेट रँडम व्हॅल्यूज’ आहे. जावास्क्रिप्टचे ‘मॅथ डॉट रँडम’ आणि जावाचे साधे ‘रँडम’ मात्र या कामापासून दूर ठेवावे.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरीही सांगणे आवश्यक वाटते. सहा आकडी ओटीपीचे पर्याय दहा लाखच असतात. आकडा कितीही शुद्ध स्रोतातून आला, तरी चुकीचा ओटीपी टाकण्यावर मर्यादा नसेल, तर साधा प्रोग्राम सगळे पर्याय टाकून पाहू शकतो. चार-पाच चुकांनंतर तो ओटीपी रद्द व्हावा आणि काही मिनिटांत तो आपोआप बादही व्हावा. एका क्रमांकावर तासाभरात किती ओटीपी पाठवायचे यालाही मर्यादा असावी.

प्रश्न : आमच्या प्रोग्राममध्ये मिलिसेकंदांपर्यंतची वेळ, प्रोसेस क्रमांक आणि सर्व्हरचा मॅक ॲड्रेस एकत्र करून त्याचा एसएचए-२५६ हॅश काढतो आणि तोच टोकन म्हणून वापरतो. इतके मिसळल्यावर ते ऑपरेटिंग सिस्टिमच्या आकड्यापेक्षा अधिक सुरक्षित ठरणार नाही का?
— एक वाचक, कागल

उत्तर : नाही. हॅश, म्हणजे मजकुरावरून ठरलेल्या गणिताने काढलेला ठसा, दिसायला ६४ अक्षरांचा आणि अगदी अनाकलनीय असतो, पण आत जेवढी अनिश्चितता घातली तेवढीच बाहेर येते. हॅश तिच्यात कणभरही भर घालत नाही. तुमच्याच घटकांचा हिशोब मांडू. मॅक ॲड्रेस, म्हणजे नेटवर्क कार्डाचा क्रमांक, कायम एकच असतो. टोकन कोणत्या दहा सेकंदांत तयार झाले हे हल्लेखोराला माहीत असते, कारण विनंती त्यानेच केलेली असते. म्हणजे वेळेचे पर्याय झाले १०,०००. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालू प्रोग्रामला मिळणारा प्रोसेस क्रमांक जुन्या मर्यादेप्रमाणे ३२,७६८ च्या आत असतो. गुणाकार केला तर सुमारे ३२ कोटी ७७ लाख पर्याय होतात. ऐकायला हा आकडा मोठा वाटतो, पण एवढे हॅश साधा लॅपटॉप काही मिनिटांत काढून तपासतो.

याला जुने आणि नामांकित दाखले आहेत. १९९५ मध्ये बर्कली येथील इयन गोल्डबर्ग आणि डेव्हिड वॅगनर या विद्यार्थ्यांनी नेटस्केप ब्राउझरची गुप्त किल्ली अशाच प्रकारे हुडकून दाखवली. त्या ब्राउझरने सीड (गणित सुरू करण्याचा मूळ आकडा) म्हणून वेळ आणि प्रोसेस क्रमांकच घेतले होते. त्याहून मोठा धडा डेबियन या लिनक्सच्या एका प्रकाराचा. २००६ मध्ये डेबियनच्या ओपनएसएसएल या गूढलेखनाच्या पॅकेजमधून दोन ओळी काढून टाकण्यात आल्या, कारण स्मृती तपासणारे साधन त्या ओळींबद्दल इशारा देत होते. त्या ओळी गेल्यावर किल्ली तयार करताना फक्त प्रोसेस क्रमांकाचीच अनिश्चितता उरली. मे २००८ मध्ये लुसियानो बेलो यांनी ते उघडकीस आणेपर्यंत डेबियन आणि उबुंटूच्या असंख्य सर्व्हरांवर एसएसएचच्या (दुरून सुरक्षित लॉगिन करण्याच्या) किल्ल्या तयार झाल्या होत्या, आणि एका प्रकारच्या व लांबीच्या अशा किल्ल्या सुमारे ३२ हजारांपेक्षा अधिक असूच शकत नव्हत्या. या पावणेदोन वर्षांत कोणाला काहीच जाणवले नाही, कारण किल्ल्या चालत होत्या आणि दिसायलाही ठीक होत्या. या विषयातली चूक अशीच असते : प्रोग्राम अडखळत नाही, चाचणीही नापास होत नाही. म्हणूनच आपल्या हाताने मिश्रण करण्याचा मोह आवरावा, असे मी आग्रहाने सांगतो.

प्रश्न : मी संगणकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी सी भाषेत किल्ली तयार करायची आहे. काही जण सांगतात, ‘/डेव्ह/रँडम’ हेच खरे सुरक्षित आणि ‘/डेव्ह/यूरँडम’ दुय्यम. काही जण नेमके उलट सांगतात. नेमके काय वापरावे?
— एक विद्यार्थी, शिवाजी विद्यापीठ परिसर, कोल्हापूर

उत्तर : लिनक्सवर ‘गेटरँडम’ हा सिस्टिम कॉल (ऑपरेटिंग सिस्टिमकडे केलेली थेट मागणी) वापरावा. आता यामागची हकिगत सविस्तर सांगतो, कारण दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात जुन्या काळचे थोडे थोडे तथ्य आहे.

संगणक हे हिशोबी यंत्र आहे. त्याच त्या सूचनांवरून ते तेच ते उत्तर देते. अनिश्चितता त्याला बाहेरूनच मिळवावी लागते. कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, अशा घटना सतत दिसत असतात. कळ दाबली गेली, डिस्कने उत्तर दिले, नेटवर्कवरून पॅकेट आले, की प्रत्येक वेळी इंटरप्ट (प्रोसेसरला मिळणारी हाक) येतो, आणि तो नेमक्या कोणत्या क्षणी आला याचे शेवटचे बारीक अंक कोणालाही आधी सांगता येत नाहीत. थिओडोर त्सो यांनी १९९४ मध्ये लिनक्सच्या कर्नलमध्ये या घटना गोळा करून त्यांचा अर्क काढण्याची सोय केली, आणि ‘/डेव्ह/रँडम’ व ‘/डेव्ह/यूरँडम’ ही दोन दारे प्रोग्रामांसाठी उघडली.

पहिले दार काटेकोर होते. आपल्याकडे किती अनिश्चितता शिल्लक आहे याचा अंदाज कर्नल ठेवत असे, आणि तो अंदाज खाली गेला की ‘/डेव्ह/रँडम’ थांबून राही. जीपीजी या गूढलेखनाच्या प्रोग्रामची किल्ली तयार करताना ‘माऊस हलवा, काही टाइप करा’ अशी विनंती पडद्यावर येई, ती यामुळेच. टाकीतले पाणी जसे वापरले की संपते, तशीच अनिश्चितताही वापरली की संपते, असा समज यातून पसरला. तो समज चुकीचा आहे. एकदा २५६ बिटांची खरी अनिश्चितता जमली की तिच्या आधाराने चालणारे गूढलेखनाचे गणित हवे तेवढे बाइट देऊ शकते. ते बाइट पाहून मूळ किल्ली ओळखणे म्हणजे ते गूढलेखनच मोडण्यासारखे आहे. २०१६ मधल्या ४.८ या आवृत्तीपासून लिनक्स त्यासाठी चाचा-२० हा सायफर (गूढलेखनाची पद्धत) वापरतो. तेव्हा ‘यूरँडम दुय्यम’ हे म्हणणे टिकत नाही.

मात्र ‘यूरँडम’मध्ये एक खरी उणीव होती, आणि तिच्याकडे दुर्लक्ष करू नये. यंत्र नुकतेच सुरू झाले आहे, पुरेशा घटना अजून घडलेल्या नाहीत, अशा वेळीही ते न थांबता बाइट देऊन टाकी. शिवाय ही दोन्ही दारे फाइलीच्या रूपात असल्याने त्यांना फाइलींच्या अडचणीही चिकटल्या. प्रोग्राम ‘सीएचरूट’च्या बंदिस्त जागेत चालत असेल तर तिथे बहुधा ‘/डेव्ह’ नसतो. हल्लेखोराने एकाच वेळी असंख्य जोडण्या उघडून फाइल डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलींना मिळणारे क्रमांक) संपवले, तर फाइल उघडतच नाही. आणि नेमक्या त्याच क्षणी प्रोग्रामला किल्ली हवी असते. २०१४ मध्ये ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमने ‘गेटएन्ट्रॉपी’ आणि लिनक्सने ३.१७ या आवृत्तीत ‘गेटरँडम’ हे सिस्टिम कॉल आणले ते यावरचे उपाय म्हणून. ‘गेटरँडम’ला कोणतीही फाइल उघडावी लागत नाही. सुरुवातीची जमवाजमव पूर्ण होईपर्यंत ते थांबते, आणि त्यानंतर कधीच अडवून धरत नाही. हेच वागणे सर्वांत शहाणपणाचे आहे. २०२० मधल्या ५.६ या आवृत्तीपासून ‘/डेव्ह/रँडम’ही असेच वागू लागले, म्हणून तुमच्या कानावर आलेला वाद आता बव्हंशी इतिहासजमा झाला आहे.

जीलिबसी या सी भाषेच्या लायब्ररीच्या २.२५ या आवृत्तीपासून ‘गेटरँडम’ सी भाषेतून थेट बोलावता येते. एका वेळी २५६ बाइटांपर्यंत मागितलेत, तर सुरुवातीची जमवाजमव झाल्यानंतर ते अर्धवट उत्तर देत नाही. तरीही परत आलेला आकडा तपासलाच पाहिजे, आणि माझा सर्वांत अधिक जोर याच मुद्द्यावर आहे. समजा, तुम्ही ३२ बाइटांची जागा शून्यांनी भरून ठेवली, फंक्शनला हाक मारली आणि त्याने उणे एक परत केले. तुम्ही ते पाहिले नाही, तर तुमची किल्ली म्हणजे ३२ शून्ये. प्रोग्राम पुढे जातो, संदेश कुलूपबंद होतात, उघडतातही, आणि परीक्षकांसमोर प्रात्यक्षिक यशस्वी होते. ‘नाहीच मिळाले तर घड्याळावरून काढू’ अशी पर्यायी वाट तर मुळीच ठेवू नये. सिग्नलमुळे व्यत्यय आला असेल तर पुन्हा मागावे, अन्य कोणतीही चूक आली तर नोंद करून प्रोग्राम तिथेच बंद करावा.

विंडोजवर याच कामासाठी ‘बीक्रिप्टजेनरँडम’ आहे. जुने ‘क्रिप्टजेनरँडम’ नव्या प्रकल्पात घेऊ नये. मॅकवर ‘गेटएन्ट्रॉपी’ किंवा ‘सेकरँडमकॉपीबाइट्स’ घ्यावे. प्रोसेसरची ‘आरडीरँड’ ही रँडम आकडा देणारी सूचना थेट वापरण्याची काहींना हौस असते, परंतु कर्नल ती इतर स्रोतांमध्ये मिसळून घेतो यातच सुरक्षितता आहे. २०१९ मध्ये एएमडीच्या झेन-२ प्रोसेसरांपैकी काहींवर, जुन्या फर्मवेअरमुळे, ही सूचना दर वेळी सगळे बिट एकचे असलेला तोच आकडा देत असल्याचे दिसून आले होते.

प्रश्न : आमच्या कारखान्यात फौंड्रीच्या भट्टीचे तापमान मोबाइलवर दाखवणारे यंत्र तयार होते. प्रत्येक यंत्र पहिल्यांदा सुरू होताना स्वतःची किल्ली तयार करते. पूर्वी आर्डुइनो बोर्डवर मोकळ्या ॲनालॉग पिनवरून सीड घेत होतो, आता ईएसपी-३२ ही चिप घेतली आहे. मोठ्या ग्राहकांसाठी लिनक्सचा छोटा बोर्डही देतो. आणखी काही काळजी घ्यावी का?
— एक उद्योजक, शिरोली एमआयडीसी

उत्तर : घ्यावी, आणि विक्री वाढण्याआधीच घ्यावी. आर्डुइनो उनोच्या ॲनालॉग पिनवरून १० बिटांचे वाचन मिळते, म्हणजे फार तर १,०२४ वेगळी सीडे, आणि प्रत्यक्षात मोकळी पिन त्यातल्या थोड्याच आकड्यांभोवती घुटमळते. जुन्या यंत्रांच्या किल्ल्या त्यामुळे बदलून द्याव्यात.

ईएसपी-३२ मध्ये हार्डवेअरचा रँडम जनक आहे, पण त्याची एक अट अनेकांच्या नजरेतून सुटते : वाय-फाय किंवा ब्लूटूथ चालू असतानाच त्यातून येणारे आकडे खऱ्या अर्थाने अनिश्चित मानता येतात. तुमचा प्रोग्राम सुरू होताक्षणी किल्ली काढून मग वाय-फाय चालू करत असेल, तर हा क्रम उलटा करा. रेडिओ चालू न करताच किल्ली हवी असेल, तर त्यासाठीचा पर्यायी स्रोत निर्मात्याच्या लायब्ररीत दिलेला आहे.

लिनक्सच्या बोर्डाचा धोका वेगळा आहे. त्याला कीबोर्ड नसतो, फिरणारी डिस्क नसते, आणि किल्ली काढायची घाई पहिल्याच मिनिटाला असते. २०१२ मध्ये नादिया हेनिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंटरनेटवर उघड्या असलेल्या किल्ल्या गोळा करून तपासल्या. आरएसएची किल्ली दोन मोठ्या मूळ संख्यांच्या गुणाकारातून होते. राउटर, फायरवॉल यांसारख्या कित्येक यंत्रांनी सुरू होताच किल्ल्या काढल्यामुळे दोन अनोळखी यंत्रांच्या किल्ल्यांत एक मूळ संख्या सामाईक निघाली. अशा दोन किल्ल्यांचा मसावि काढला की दोन्ही किल्ल्या उघड्या पडतात, आणि मसावि काढणे संगणकाला अगदीच सोपे आहे. संशोधकांना या मार्गाने टीएलएस (इंटरनेटवरची सुरक्षित जोडणी) वापरणाऱ्या ०.५० टक्के यंत्रांच्या गुप्त किल्ल्या मिळाल्या.

तेव्हा तुमच्या बोर्डावर कर्नल नवा ठेवा आणि किल्ली ‘गेटरँडम’मार्गेच काढा. एक मेमरी कार्ड तयार करून त्याच्या प्रती काढत असाल, तर मूळ कार्डावरची एसएसएचची होस्ट किल्ली, मशीन आयडी आणि लिनक्स सुरू करणाऱ्या सिस्टिमडीने जपून ठेवलेली रँडम सीडची फाइल प्रती काढण्यापूर्वी पुसून टाका. शंभर ग्राहकांकडे गेलेली शंभर यंत्रे एकाच सीडवरून जागी होणे तुम्हाला परवडणारे नाही.

प्रश्न : आम्हा वीस जणांची भिशी आहे. दर महिन्याचे नाव मी तयार केलेल्या छोट्या ॲपने काढतो. ऑपरेटिंग सिस्टिमकडून एक बाइट घेतो, त्याला उरलेल्या सभासदांच्या संख्येने भागतो आणि बाकी येईल त्या क्रमांकाचे नाव जाहीर करतो. यादीत शेवटी असलेल्या काही सभासदांचा संशय आहे की त्यांना उशिरा पाळी मिळते. यात तथ्य आहे का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : थोडेसे आहे. एका बाइटाचे २५६ पर्याय असतात. वीसने भागले तर २४० पर्यंतचे पर्याय सर्वांना सारखे, प्रत्येकी बारा, वाटले जातात. उरलेले १६ पर्याय यादीतल्या पहिल्या सोळा जणांना एकेक मिळतात. म्हणजे पहिल्या सोळा जणांचा वाटा २५६ पैकी तेरा आणि शेवटच्या चौघांचा बारा. ॲपची चाचणी तुम्ही आठ किंवा सोळा नावांवर घेतली असेल, तर हा फरक दिसलाच नसता, कारण या संख्यांनी २५६ ला पूर्ण भाग जातो. उपाय असा की, बाइट २४० किंवा त्याहून मोठा आला तर तो टाकून देऊन नवा घ्यावा, आणि दर महिन्याला उरलेल्या संख्येप्रमाणे ही सीमा नव्याने ठरवावी. ‘रँडबिलो’सारखी तयार फंक्शने हे स्वतःच करतात, म्हणून तीच वापरलेली बरी.

परंतु तुमच्या सभासदांची खरी शंका भागाकारातल्या बाकीची नसावी. बटण तुमच्या हातात आहे, आणि मनासारखे नाव येईपर्यंत ते दाबले गेले नाही हे त्यांना कळायला कोणताही मार्ग नाही. कर्नल अंदाज न येणारा आकडा देतो. तो एकदाच मागितला होता याचा पुरावा तो देत नाही. मोठ्या सोडतींसाठी असा पुरावा देणाऱ्या पद्धती आहेत, पण वीस जणांच्या भिशीत नावांच्या चिठ्ठ्या डब्यात टाकून सर्वांसमोर एकाने उचलावी, आणि ॲपमध्ये निकालाची व हप्त्यांची नोंद तेवढी ठेवावी, असे मी सुचवेन.